आळस, अशक्तपणा आणि पाच किलो धान्य

कापसाची वेचणी सुरू झाली की विदर्भात दरवर्षी एक तक्रार ऐकू येते, आणि अलीकडे ती गावच्या पारावरून नागपूरच्या दिवाणखान्यांपर्यंत पोचली आहे: सरकार फुकट धान्य देते, म्हणून माणसे कामाला येत नाहीत. गेल्या हंगामात धंतोलीतल्या एका स्नेह्यांच्या घरी मी ती पुन्हा ऐकली. बोलणारे गृहस्थ वर्धा जिल्ह्यात शेती करणारे, कष्टाळू, मजुरांचे पैसे कधी न थकवणारे. त्यांच्या शेतातला कापूस फुटून लोंबत होता आणि वेचायला बायका मिळत नव्हत्या. "पोटाला चिमटा बसल्याशिवाय माणूस हलत नाही," असे ते म्हणाले तेव्हा खोलीतल्या बहुतेकांनी मान डोलावली. एका तरुणाने विरोध केला, पण त्याचा सगळा भर गरिबांची कणव करण्यावर होता, आणि कणवेने त्या शेतकऱ्याचा कापूस घरी येणार नव्हता. तासभर चाललेल्या त्या वादात भूक शरीरात आणि मनात नेमके काय करते, हे कोणीही विचारले नाही. मी तीस वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे, आणि माझ्या मते या वादाचा पायाच चुकला आहे. भूक माणसाला हलवते हे एका चुकलेल्या जेवणापुरते खरे असेल. आठवडे आणि महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाला मात्र ती कामातून उठवते, आणि बाहेरून जो आळस दिसतो त्यातला मोठा भाग त्या शरीराने स्वतःला जगवण्यासाठी केलेली काटकसर असते.

एक जेवण चुकले तर काय होते ते आधी पाहू. रक्तातली साखर उतरू लागते तसे यकृत आपल्याकडचा ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा मोडून ती सावरते. हा साठा सुमारे एक दिवस पुरतो. जठरातून घ्रेलिन हे संप्रेरक सुटते, १९९९ साली जपानी संशोधकांनी ते ओळखले, आणि ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला अन्न शोधायला सांगते. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात, माणूस अस्वस्थ आणि काही काळ तरतरीत होतो. भुकेचा चाबूक मानणाऱ्यांना जी भूक ठाऊक असते ती एवढीच. पुढे मात्र चित्र पालटते. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरते तिचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो, आणि त्याला चरबी थेट जाळता येत नाही. यकृतातला साठा संपला की स्नायूंमधली प्रथिने मोडून त्याच्यासाठी साखर तयार केली जाते. दोन-तीन दिवसांनी चरबीपासून बनलेली कीटोन द्रव्ये त्याला पुरवली जातात आणि स्नायूंची झीज मंदावते, पण थांबत नाही. अर्धपोटी अवस्था लांबली की थायरॉइडचे कार्यकारी संप्रेरक घटते, नाडी मंदावते, त्वचा गार पडते, आणि माणूस नकळत आपल्या हालचाली कमी करू लागतो. तो उठता उठता थांबतो, उभा असेल तर टेकतो, दोन फेऱ्यांचे काम एका फेरीत भागवतो. यातले काहीही तो ठरवून करत नाही.

हे केवळ पाठ्यपुस्तकी वर्णन नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धाला नैतिक विरोध असलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. युद्धानंतर उपासमार झालेल्या युरोपला पुन्हा कसे खाऊ घालायचे, हे कळावे एवढाच त्यामागचा हेतू होता. सहा महिने त्यांना दिवसाला साधारण १५७० उष्मांकांचे अन्न मिळाले आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे त्यांच्यावर बंधनकारक होते. त्यांचे वजन जवळपास एक चतुर्थांशाने घटले, विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. त्यांच्या मनाचे काय झाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. हे आदर्शवादी, सुशिक्षित, समाजसेवेसाठी आलेले तरुण चिडचिडे आणि उदास झाले, एकमेकांना टाळू लागले, अभ्यासातला आणि राजकारणातला त्यांचा रस संपला. ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटे चाटू लागले, घासभर अन्न तासभर पुरवून खाऊ लागले. यांच्यापैकी कोणालाही आळशी म्हणण्याचे धाडस आपण करू का? त्यांच्या घरची गरिबी, त्यांची जात किंवा त्यांचे संस्कार यांवर त्या बदलाचे खापर फोडता येत नाही, कारण सहा महिन्यांपूर्वी तीच माणसे उत्साही होती आणि पोटभर अन्न पुन्हा मिळू लागल्यावर, महिने लागले तरी, ती सावरली.

याच प्रयोगातली एक नोंद माझ्या मताच्या विरोधात जाते, आणि ती लपवणे योग्य होणार नाही. त्या तरुणांना आपली एकाग्रता गेली असे वाटत होते, पण बुद्धिमापनाच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी लक्षणीय घसरली नाही. म्हणजे भुकेने बुद्धी जात नाही, असे कोणी म्हणाले तर त्याच्याजवळ आधार आहे. पण बुद्धी असणे आणि ती हव्या त्या कामाला जुंपता येणे यांत अंतर असते. माझ्या एका विद्यार्थ्याने हे मला माझ्या व्याख्यानापेक्षा नीट समजावले होते. गडचिरोलीकडून आलेला तो मुलगा महिन्याच्या अखेरीस पैसे संपले की एकच वेळ जेवत असे, आणि हे मला फार उशिरा कळले. तो म्हणाला, "सर, पान उलटायचो आणि आधीच्या पानावर काय होतं ते आठवायचं नाही. खानावळ किती वाजता उघडते ते मात्र घड्याळ न पाहता सांगता यायचं." चाचणीच्या अर्ध्या तासापुरते मन गोळा करता येते, संपूर्ण दिवस, संपूर्ण सत्र ते गोळा करून ठेवावे लागले तर ते भुकेच्या विचारातून पुन्हा पुन्हा ओढून आणावे लागते, आणि ती ओढच माणसाला थकवते.

दुसरा आक्षेप आपल्या घरातलाच आहे. आपण एकादशी करतो, चतुर्थी करतो, श्रावणात सोमवार धरतो. उपवासाने मन हलके होते असा अनेकांचा प्रामाणिक अनुभव आहे, आणि नागपूरहून दोन तासांच्या अंतरावरच्या सेवाग्राममध्ये राहिलेल्या गांधीजींनी १९४३ साली बंदिवासात २१ दिवस उपोषण केले होते. मग भुकेने मन खचते हे सरसकट कसे म्हणावे? माझ्या मते याचे उत्तर मराठीने दोन वेगळे शब्द ठेवून आधीच दिले आहे. उपवास धरला जातो. उपाशी राहावे लागते. उपवास करणाऱ्याच्या अंगावर पुरेसा साठा असतो, सुटण्याची वेळ त्याला ठाऊक असते आणि डब्यात साबुदाणा भिजलेला असतो. उपाशी माणसाला उद्याची खात्री नसते, आणि ही अनिश्चितता केवळ भावनेची बाब नाही; टिकून राहिलेल्या ताणाने कॉर्टिसॉल चढे राहते, झोप मोडते, आणि लांबचा विचार करण्याची कुवत रोजच्या तजविजीत खर्ची पडते. गांधीजींच्या उपोषणात तर शरीर खचत असल्याची नोंद डॉक्टर रोज घेत होते. मनाचा निर्धार शरीराच्या झिजेवर मात करून उभा राहिला, म्हणून झीज झाली नाही असे म्हणता येत नाही. आणि जो निर्धार एका महात्म्याने एका राजकीय हेतूसाठी दाखवला, तो रोज सकाळी तुरीच्या शेतात जाणाऱ्या बाईकडून आपण कोणत्या अधिकाराने मागायचा?

भूक ही कामाची प्रेरणा आहे हा विचार आपल्या मातीत उगवलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. १७८६ साली जोसेफ टाउनसेंड नावाच्या इंग्रज पाद्र्याने गरिबांना मदत देणाऱ्या कायद्यांविरुद्ध एक निबंध लिहिला आणि त्यात कायद्याच्या सक्तीपेक्षा भूकच माणसाला शांतपणे, सतत कामाला जुंपते असे प्रतिपादन केले. त्यानंतरच्या नव्वद वर्षांत हा विचार इंग्रजी राज्यकारभारात मुरला, आणि त्याची परीक्षा आपल्याकडे झाली. सर रिचर्ड टेम्पल हे नाव नागपूरला नवे नाही. १८६० च्या दशकात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर म्हणून ते इथूनच कारभार पाहत. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून सढळ हाताने वाटला, माणसे वाचली, आणि उधळपट्टी केली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. १८७७ च्या आरंभी व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांना दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळावर पाठवले तेव्हा ती टीका ते विसरले नव्हते. त्यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. त्यातून १६०० च्या आसपास उष्मांक मिळतात. मिनेसोटाच्या प्रयोगशाळेत ज्या आहाराला 'अर्ध-उपासमार' म्हटले गेले, त्याच्याशी हा आकडा जवळजवळ जुळतो. फरक एवढाच की तिथले तरुण चालत होते आणि इथली माणसे उन्हात खडी फोडत होती. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे अधिकारी, डॉ. कॉर्निश यांनी या मजुरीवर शरीर टिकणार नाही असे ठणकावून सांगितले. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामेच सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. भुकेच्या चाबकाने माणसे अधिक काम करतात हे खरे असते, तर १८७७ हे वर्ष महाराष्ट्राच्या इतिहासातले सर्वाधिक कामाचे वर्ष ठरले असते.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, नागपुरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिथेही मजूर नियमित येत नाहीत ही तक्रार होती. पुढच्या काळात त्या गिरणीने कामगारांसाठी निवृत्तिवेतन आणि भविष्य निर्वाह निधीसारख्या सोयी उभ्या केल्या, आणि ती गिरणी शंभर वर्षांहून अधिक चालली. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, उत्तरे मात्र वेगळी निवडली गेली.

खरे तर हे समजण्यासाठी शेतकऱ्याला इतिहास वाचण्याची गरज नाही. मृग लागण्याआधी तो बैलाला सरकीची ढेप चारतो, नांगरटीच्या दिवसांत त्याच्या वैरणीत हात आखडता घेत नाही, आणि बैल बसला तर आधी त्याचे पोट पाहतो. सालगड्याच्या करारातही रोख रकमेबरोबर धान्य असे, ते औदार्याने नव्हे. गडी खाल्ल्याशिवाय औत चालत नाही हे दोघांनाही ठाऊक होते. बैलाविषयी जे शहाणपण आपण पिढ्यान्‌पिढ्या जपले, ते माणसाचा विषय निघताच आपल्या बोलण्यातून का गळून पडते?

आता वादाच्या दुसऱ्या टोकाकडे वळतो. मजूर मिळत नाहीत ही तक्रार खोटी नाही. कापूस एकाच वेळी सगळीकडे फुटतो, भंडारा-गोंदियाकडे रोवणी एकाच पंधरवड्यात उरकावी लागते, आणि त्या दिवसांत चार बायकांसाठी शेतकऱ्याला दहा घरे फिरावी लागतात. पण याचे कारण फुकट धान्य आहे का, हे साध्या हिशेबाने तपासता येते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम, त्यातून सुमारे ५८० उष्मांक. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार मध्यम श्रमाच्या पुरुषाला २७१० आणि जड श्रमाच्या पुरुषाला ३४७० उष्मांक लागतात. गरजेचा पाचवा-सहावा हिस्सा पुरवणाऱ्या धान्यावर कोणी महिना काढू शकत नाही. तेल, डाळ, मीठ, भाजी, औषध, मुलांच्या वह्या यांसाठी त्याला कामावर जावेच लागते. शिवाय २०२३ च्या जानेवारीपासून हे धान्य फुकट झाले त्याआधी तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो होता. पाच माणसांच्या घराचे फुकटपणामुळे वाचतात ते महिन्याला जास्तीत जास्त पंचाहत्तर रुपये. एका दिवसाच्या मजुरीहून कमी असलेली ही रक्कम माणसाला महिनाभर घरी बसवते, यावर विश्वास ठेवणे मला शक्य नाही.

घरात धान्य असल्याने एक गोष्ट मात्र नक्की बदलते, आणि टीकाकारांच्या तक्रारीतला खरा अंश तिथे आहे. रात्रीची चूल पेटण्याची खात्री असलेली बाई पडेल त्या मजुरीला होकार देत नाही. ती भाव विचारते, अंतर विचारते, ताप असेल त्या दिवशी नाही म्हणते. शेतकऱ्याला हे अंगावर येते, कारण कापसाचा भाव त्याच्या हातात नाही आणि मजुरी वाढली की त्याचे गणित कोलमडते. त्याची ही अडचण मी मनापासून मान्य करतो. पण मग वाद कापसाच्या भावाचा आहे, वेचणीच्या खर्चाचा आहे, आणि तो तिथेच लढला पाहिजे. आपल्या मालाला भाव मिळत नाही म्हणून दुसऱ्याच्या पोटातली भूक आपल्या बाजूने वापरायची, हा तोडगा शेतकऱ्याने मागू नये. सावकार आणि व्यापाऱ्याने त्याच्या अडचणीचा असाच वापर केला तेव्हा त्याला ते अन्याय्यच वाटले होते.

रेशनचा तांदूळ विकला जातो, हाही आक्षेप मी ऐकला आहे, आणि तसे घडते. विकणाऱ्यांत दलाल आहेत तसेच गरजूही आहेत, आणि गरजू माणूस तांदूळ विकतो तेव्हा बहुधा तेल आणि डाळ घेतो. यातून एवढेच सिद्ध होते की पोट भरणे आणि शरीर पोसणे वेगळे असते. भाताने भूक शमते, पण लोह, प्रथिने आणि जीवनसत्त्वे कमी पडली तर शरीर आतून उपाशीच राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, हे इथे आठवावे. रक्तात लोह कमी असलेली बाई दुपारनंतर धापा टाकते, ओटी अर्धी राहते, आणि मुकादम तिला कामचुकार ठरवतो. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतल्या एका अभ्यासात रक्तक्षय असलेल्या चहामळ्यातल्या बायकांना लोह दिल्यावर त्यांनी तोडलेल्या पानांचे वजन वाढले होते. चेन्नईत सायकलरिक्षा ओढणाऱ्यांना पाच आठवडे रोज ७०० उष्मांकांचे जादा अन्न दिले गेले, तेव्हा त्यांचे काम आणि उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी वाढले. पोट भरले म्हणून ते झाडाखाली झोपले नाहीत. त्यांनी अधिक फेऱ्या मारल्या.

"आम्हीही उपाशीपोटी शिकलो" असे सांगणारे माझ्या पिढीत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या जिद्दीला मी नमस्कार करतो. पण हे सांगायला ते आज उभे आहेत. त्यांच्या वर्गातली जी मुले चौथीनंतर दिसेनाशी झाली, त्यांची साक्ष कोण काढणार? पाच वर्षांच्या आसपासच्या मुलाचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा वापरतो. त्या वयात घराबाहेर पडताना चहात बुडवलेले टोस्ट एवढाच आहार असेल, तर शरीराला वाढ आणि शिकणे यांतून निवड करावी लागते, आणि मूल आधी खेळणे सोडते. शिक्षकाला ते मूल शांत वाटते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तो या अर्थाने शिक्षणाचाच आदेश होता. म्हणूनच राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला, याचे मला दुःख वाटते. अंडे शाकाहाराच्या विरोधात आहे का, यावर पुष्कळ बोलले गेले. ते खाणाऱ्या मुलाच्या वजनावर आणि हजेरीवर त्यामानाने फार थोडे.

शहरातल्या ज्या लोकांना शेतावर जाणे शक्य नाही, त्यांनी नागपुरातल्या मजुरांच्या कोणत्याही ठिय्यावर सकाळी सातला जाऊन उभे राहावे. कामासाठी आलेली माणसे हातात डबा घेऊन रांगेत थांबलेली असतात. ठेकेदार गाडीतून उतरतो, एक नजर फिरवतो आणि खांद्याने रुंद, चालीने दमदार माणसे आधी उचलतो. त्याचेही चुकत नाही, त्याला दिवसभराचे काम हवे असते. आठ वाजता दुसरी फेरी होते, नऊला तिसरी. ज्याला काल काम मिळाले नाही, तो काल कमी जेवलेला असतो आणि आज तो पहिल्या फेरीत उचलला जात नाही. दहा वाजता ऊन चढते तेव्हा भिंतीच्या सावलीत जी चार-सहा माणसे उकिडवी बसून राहिलेली दिसतात, ती त्या सकाळच्या जमावातली सर्वांत काटकुळी असतात, आणि कार्यालयाकडे निघालेले लोक गाडीतून त्यांच्याकडे पाहतात ते नेमके त्या वेळी.